गुन्ह्याचं मूळ माणसात की मोहल्ल्यात?

स्थलांतरित आणि गुन्हेगारी यांचा संबंध लावताना अमेरिकी समाजशास्त्रात दोन वाटा फुटल्या. थॉर्स्टेन सेलिन यांनी १९३८ मध्ये संस्कृतिसंघर्षावर, म्हणजे मायदेशाचे रिवाज आणि नव्या देशाचे कायदे यांच्या टकरीवर, बोट ठेवलं. त्यांचं उदाहरण मनातून जात नाही: न्यू जर्सीतल्या एका सिसिलियन बापाने मुलीला नादी लावणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराला ठार मारलं आणि अटक झाल्यावर तो चकित झाला. त्याच्या लेखी त्याने घराण्याची अब्रू राखली होती.

क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी माणसाऐवजी वस्ती पाहिली. शिकागोच्या नकाशावर त्यांनी बालगुन्हेगारांचे पत्ते टिंबांनी मांडले. कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांत आधी जर्मन, आयरिश राहिले, मग पोलिश, इटालियन आले. रहिवासी बदलले, पण गुन्ह्यांचं प्रमाण चढंच राहिलं. बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या मुलांत मात्र ते घटलं. म्हणजे दोष वंशाचा कसा?

मला दुसरी वाट जास्त पटते. सेलिन एखादा खून समजावतात, आकडे नाही. शिवाय शिकागोतच रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांना २००५ मध्ये आढळलं की पहिल्या पिढीतले स्थलांतरित तिसऱ्या पिढीपेक्षा कमी हिंसा करतात. संस्कृतिसंघर्ष तर पहिल्या पिढीतच सर्वांत तीव्र असायला हवा ना!