जगातल्या फेमस इमारतींचा थ्रीडी पझल सेट, घ्यावा का?

कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून पुतण्यासाठी घेतला, पण खरं सांगायचं तर तो मीच बळकावलाय 😄 आयफेल, सिडनी ऑपेरा हाऊस, ताजमहाल आणि पिसाचा मनोरा, सगळं पुठ्ठ्याचं. आयफेल एकदम ठीकठाक. १८८९ च्या खऱ्या टॉवरला लोखंडाचे १८ हजारांवर तुकडे अन् २५ लाख रिव्हेट लागलेत, इथे पुठ्ठ्यावर नुसती जाळी छापलीय, आरपार काही दिसतच नाही, मग आयफेलमध्ये राहिलं काय सांगा.

सिडनी मात्र भारी!! ती शिडांसारखी छपरं माझी सगळ्यात लाडकी, डेन्मार्कच्या यॉर्न उत्झोनने डिझाईन तर काढलं पण बांधायचं कसं हेच वर्षानुवर्षं कोणाला जमेना, शेवटी सगळी छपरं एकाच गोलाचे तुकडे म्हणून कापायची ठरली, मग तेच साचे परत परत वापरता आले. सेटमध्येपण सगळ्या शिडांचा बाक सारखाच ठेवलाय, बनवणाऱ्याने अभ्यास केलाय राव. उत्झोन बिचारा १९६६ लाच काम सोडून गेला, १९७३ च्या उद्घाटनाला तो नव्हताच.

ताजचे मिनार सरळसोट केलेत, खरे किंचित बाहेर कललेले आहेत. पिसा झुकतो बरोबर, पण खाचा सैल असल्यामुळे बाकीचे पण झुकतात 😂 फेविकॉल जवळ ठेवाच.

आपल्या सिन्नरच्या गोंदेश्वराचा असा सेट कोणीतरी काढा, मधलं देऊळ आणि चार कोपऱ्यांतली चार छोटी, डबल पैसे देऊन घेईन. याला पाचपैकी साडेतीन.