तबला न लावताच सुरू झालेली मैफल

बहिणीच्या रिसेप्शनला डीजे नको, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. बाबा साताऱ्यात चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवत आले आहेत. त्यांचं मागणं एवढंच होतं, "जेवण साधं ठेवा, पण गाणारी-वाजवणारी माणसं समोर बसलेली असू देत." ती जबाबदारी मी घेतली आणि ७६,८०० रुपयांना आम्ही फसलो. ज्यांच्याकडे या सिझनला कार्य आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

मी पुण्यात नोकरीला. तारीख मार्गशीर्षातली, हातात जेमतेम पंचवीस दिवस. ओळखीच्या दोन्ही वाद्यवृंदांच्या तारखा गेलेल्या. मग इन्स्टाग्रामवर एका ग्रुपचं पान सापडलं. फोन केला तर माणूस बोलायला एकदम गोड. दोन गायक, तबला, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बासरी असे सात कलाकार, साउंड त्यांचाच, सगळे मिळून ६५,००० रुपये. त्याने व्हिडिओ पाठवला. नऊवारीतली गायिका, मागे बासरी, आणि तबल्यावर जलद वाजणारी सुरेख लग्गी. मी तो बाबांना पाठवला. त्यांनी तीनदा लावून ऐकला आणि मला म्हणाले, "हात गोड आहे रे याचा." त्या एका वाक्यावर मी व्यवहार पक्का केला.

"सर, लग्नसराई आहे. दुसरी पार्टी थांबलीय, आज टोकन टाकलं नाही तर तारीख हातातून जाईल." मी ४०,००० पाठवले. पैसे पाठवताना खात्यावर ग्रुपचं नाव नव्हतं, कुणा एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर म्हणाला, "ते आमचे अकाउंटंट." करार म्हणून आला तो व्हॉट्सॲपवरचा दोन ओळींचा मेसेज, 'लाइव्ह म्युझिक फुल पॅकेज, ६५,०००'. किती कलाकार, कोणते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, यातलं काहीच त्यात नव्हतं. तोंडी ठरलंय ना, असं मी धरून चाललो.

कार्याच्या आठ दिवस आधी पुन्हा फोन आला. "सर, गाण्यांचं लायसन्स काढावं लागतं, नाहीतर ऐन कार्यक्रमात साउंड बंद करतील. दहा हजार अधिक १८ टक्के जीएसटी." म्हणजे ११,८००. लग्नघरात आठ दिवसांवर कार्य असताना 'बंद करतील' हे शब्द ऐकले की माणूस विचार करत नाही, पैसे पाठवतो. मीही पाठवले. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांतल्या गाण्या-वाजवण्याला सूट दिलेली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून तेच स्पष्ट केलं होतं. हॉटेलांतल्या समारंभांवरून यात वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत हे खरं. पण कुठे भरावं लागलंच तर ते लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे थेट, पावती घेऊन भरायचं, वाजवणाऱ्याच्या 'अकाउंटंट'च्या खात्यात नाही. त्यांनी पाठवलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर मी नंतर मोजला. हा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. त्यांचा १४ अक्षरांचा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता येऊन साउंड लावतो म्हणाले होते. टेम्पो आला आठला दहा कमी असताना. पाहुणे येऊन बसलेले, नवरा-नवरी स्टेजवर, आणि फोनवर गोड बोलणारा तो दादा टेम्पोला टेकून म्हणतोय, "उरलेले पंचवीस आधी टाका, मग सामान उतरवतो." उघड्या लॉनवर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, केंद्राचा २००० सालचा नियमच आहे तो. लॉनचे मॅनेजर मला दोनदा आठवण करून गेले होते. त्यामुळे प्रत्येक मिनिट आमचं जात होतं, त्याचं नाही. त्यालाही हे पक्कं ठाऊक असणार, उशीर उगाच झालेला नव्हता. मी पैसे टाकले. उतरले चौघे. एक गायिका, एक गायक, कीबोर्डवाला आणि तबल्याला एक पोरगा. बाकीचे "मागून येतायत".

साडेआठला गाणं सुरू झालं. बाबा पहिल्या रांगेत, मी त्यांच्याशेजारी. दोन मिनिटांत ते माझ्या कानाशी वाकले, "अरे, याने तबला लावलाच नाही."

मला आधी कळेना. ते हळू आवाजात सांगत राहिले. तबलजी बसला की पहिली हातोडी बाहेर येते. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या विणलेल्या कडेवर ठोकत, वाद्यांखालचे लाकडी गट्टे वरखाली करत, गायकाच्या सुराला तबला मिळाल्याशिवाय तो पुढे जात नाही. बाई काळी चारला गातायत, ते गृहस्थ काळी एकला, म्हणजे दोघांचे सूर वेगळे. मग या पोराकडे निदान दोन तबले तरी हवेत. इथे एकच, मधली काळी शाई उडालेला, आणि हातोडी दिसतच नाही. "आणि बासरी ऐकू येतेय ती कुठून?" स्टेजवर बासरीवाला नव्हताच.

मी उठून स्टेजमागे गेलो. मिक्सरला पेनड्राइव्ह लावलेला. कीबोर्डची वायर गुंडाळून त्याच्या स्टँडखाली ठेवलेली, कशालाच जोडलेली नाही. तबल्यापुढचा माइक बंद. पोरगा नुसते हात हलवत होता. दादाला विचारलं तर म्हणाला, "सर, आजकाल सगळीकडे असंच असतं. पब्लिकला काय कळतंय?" पब्लिकमध्ये माझे बाबा बसले होते. मी परत येऊन शेजारी बसलो तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, मांडीवर चाललेला त्यांचा ठेका मात्र थांबला होता.

ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाण्यात गैर काही नाही. कितीतरी चांगले गायक ट्रॅकवर गातात, त्याचे दर कमी असतात आणि ते तसं आधी सांगतात. सात कलाकारांचे पैसे घेऊन पेनड्राइव्ह वाजवणं ही चोरी आहे. ती गायिका खरोखर गात होती हेही सांगायला हवं. कार्यक्रम संपल्यावर आईने तिला जेवायला बसवलं तेव्हा कळलं की तिला त्याच दिवशी दुपारी फोन आला होता, दोन हजार ठरले होते आणि ते न देताच दादा टेम्पो घेऊन निघून गेला होता. "मावशी, तुम्हाला काय सांगितलं होतं ते मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणत होती. आईने तिची ओटी भरली, मी तिचे दोन हजार दिले आणि तिला घरी सोडण्यासाठी रिक्षा करून दिली.

तो व्हिडिओही त्यांचा नव्हता. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मूळ व्हिडिओ शोधून दिला. त्यात मागच्या बॅनरवर दुसऱ्याच वाद्यवृंदाचं नाव होतं, आम्हाला पाठवताना वरचा भाग कापलेला. मी त्या खऱ्या ग्रुपला फोन केला. तो गोड हात ज्यांचा, तेच बोलले. त्यांचे व्हिडिओ असे उचलले जाण्याची ही पहिली वेळ नव्हती.

माझी मोठी चूक म्हणजे घरातली पूजा, मांडव परतणी होईपर्यंत मी चार दिवस थांबलो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, पैसे पुढे फिरायच्या आत खातं गोठवता येतं ते तेव्हाच. माझ्या वेळी खातं रिकामं झालं होतं. पोलिसांत अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही ऑनलाइन तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. व्हॉट्सॲपचे मेसेज, यूपीआयचे व्यवहार, खोटं बिल, त्या दिवशीचे फोटो, सगळं जोडलंय. काहीच पुसून टाकू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉकही करू नका.

फाल्गुनात चुलतभावाचं लग्न आहे. यावेळी त्या खऱ्या ग्रुपलाच विचारलं. त्यांनी स्वतःहून तालमीला बोलावलं. एका शाळेच्या हॉलमध्ये बाबांना घेऊन गेलो. कागदावर कलाकारांची नावं, वाद्यं, येण्याची वेळ लिहून घेतली. अर्धे पैसे कार्यक्रम संपल्यावर द्यायचे ठरले, त्यावर त्यांनी लगेच सही केली. आम्ही लिहीत होतो तेव्हा तबलजींनी पिशवीतून हातोडी काढली आणि लावायला बसले. दहा मिनिटं तेच चाललं होतं. बाबा खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "तो तिसरा गट्टा थोडा खाली घ्या."