दादरची जागतिक इतिहासाची वीकेंड बॅच: क्रांत्या, उदारमतवाद आणि राष्ट्रवाद

यूपीएससीसाठी जागतिक इतिहास करायचाय आणि नुसत्या पाठांतराचा कंटाळा आलाय, त्यांनी दादर वेस्टची ही बॅच बिनधास्त लावा. छोटा क्लास आहे, पंखे आवाज करतात, पण सर शिकवतात कमाल.

1789 म्हणजे बॅस्टिल, 1815 म्हणजे व्हिएन्ना, 1848 म्हणजे फसलेली क्रांती, अशी सनावळी घोकून घेणारे क्लास भरपूर आहेत. इथे सर एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवतात, हक्क मागणारे आणि राष्ट्र मागणारे सुरुवातीला बरेचसे एकाच बाजूला होते, मग त्यांची फारकत झाली कुठे?

जर्मनीचं लेक्चर तर जबरदस्तच. 1815 नंतरची 39 राज्यं फळ्यावर काढली, मग 1834 ला प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या पुढाकाराने जकात संघ झाला, म्हणजे आपसातली जकात गेली, तिथे मधल्या रेषा बोटाने पुसत गेले आणि संघाबाहेर राहिलेल्या ऑस्ट्रियाची रेषा मात्र तशीच ठेवली, पुढचं अर्धं राजकारण तिथेच डोक्यात बसलं. मग फ्रँकफर्ट. मे 1848 ला तिथल्या सेंट पॉल चर्चमध्ये जर्मन राज्यांतून निवडून आलेले वकील, प्राध्यापक, अधिकारी जमले, मूलभूत हक्क ठरवले, संविधान लिहिलं आणि 1849 ला प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला, तर तो नाही म्हणाला, कारण देणारी होती लोकांनी निवडलेली सभा. 1871 ला त्याच्याच भावाने सम्राटपद घेतलं, पण राजेलोकांकडून, तेही हरलेल्या फ्रान्सच्या व्हर्सायमध्ये! राष्ट्र मिळालं पण चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, हटवायचा अधिकार संसदेला नाहीच. तेव्हा वर्गात कुणी मोबाईलला हात लावला नाही.

फ्रान्सही छान झालं. 1791 च्या संविधानात मताचा हक्क कुणाला, तर तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणाऱ्या पुरुषांना, आणि त्याच वर्षी बायकांचे हक्क मांडणाऱ्या ओलँप द गूजला 1793 ला गिलोटिनवर चढवलं, हे सरांनी आवर्जून सांगितलं. इटली ठीकठाक, एकीकरणाचे नेते मॅझिनी-गॅरिबाल्डी नेहमीसारखेच.

नोट्समधले नकाशे झेरॉक्समध्ये पार काळे आलेत, ते अॅटलासमधून बघा.

खरी नाराजी हैतीबद्दल, म्हणजे कॅरिबियनमधल्या फ्रान्सच्या वसाहतीबद्दल. तिथल्या गुलामांनी 1791 ला उठाव केला, फ्रान्सने 1794 ला गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने 1802 ला परत लादायला सैन्य उतरवलं, तरी लढून 1804 ला हैती स्वतंत्र झाला. माणसाचे हक्क म्हणजे नक्की कुठल्या माणसाचे, हा प्रश्न याहून थेट कुणी विचारला नाही आणि तो लेक्चरच्या शेवटी घाईघाईत उरकला. पुढच्या बॅचला त्यासाठी एक अख्खा रविवार द्यावा, अशी क्लासला मनापासून विनंती आहे.