शिक्षकांपर्यंत मदत कशी पोहोचवावी : परिषद, मोबाइल की वर्गातली सोबत?

मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख (जवळपासच्या दहा-पंधरा शाळांच्या ‘केंद्रा’ची जबाबदारी असलेले अधिकारी) म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर पहिल्याच महिन्यात एक पेच उभा राहतो. शिक्षकांना शिकवण्याच्या कामात मदत करायची असते, आणि वरून येणारी परिपत्रके, माहितीचे तक्ते व वेळापत्रकातले बदलही त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचवायचे असतात. या दोन्ही कामांसाठी तीच माणसे आणि तेवढाच वेळ उपलब्ध असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये आधी शिक्षिका आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून काम करताना मी यासाठीचे सगळे प्रचलित मार्ग वापरले आहेत : शिक्षण परिषद, ऑनलाइन प्रशिक्षण, वर्गातली सोबत, शाळाभेटी आणि सूचनांचे गट. त्यांची तुलना करताना मी कसोटी एकच लावते : मदत मिळाल्यानंतरच्या चार-आठ दिवसांत त्या शिक्षकाच्या वर्गात मुलांच्या दृष्टीने काही बदलले का?

वेळेचा हिशेब आधी मांडायला हवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरलेले आहेत, म्हणजे सरासरीने दिवसाला चार तास. वर्गात शिकवता शिकवता मोबाइलवर आलेली माहिती भरण्यात रोज वीस मिनिटे गेली, तर २०० दिवसांत ती ६६ तासांहून अधिक होतात. मुलांचे सोळा दिवसांचे शिकणे त्यात संपते. म्हणून कोणताही मार्ग निवडताना तो हा वेळ वाढवतो की खातो, हे आधी पाहावे.

पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद. केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. स्वागत, प्रास्ताविक, एखादा नमुना पाठ, ठरलेल्या विषयावर सुलभकाचे मार्गदर्शन, प्रशासकीय सूचना आणि आभार असा तिचा क्रम असतो. सारख्याच अडचणींशी झगडणारी माणसे तिथे समोरासमोर बसतात, हे तिचे मोठे बळ आहे. दुशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र सांभाळताना दुसरीचे गणित चालू असेल तेव्हा पहिलीला कोणते काम द्यावे, ही गोष्ट पुस्तकापेक्षा शेजारच्या वाडीवरच्या बाईंकडून लवकर समजते, आणि बहुतेक वेळा ती चहाच्या सुटीतच समजते. अशा संभाषणाला परिषदेच्या विषयपत्रिकेत मुद्दाम अर्धा-पाऊण तास ठेवणारे केंद्रप्रमुख मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या परिषदेहून शिक्षक वहीत काहीतरी लिहून घेऊन परतत असत.

परिषदेत दोन ठिकाणी गळती होते. प्रशासकीय सूचनांना पंधरा मिनिटे दिलेली असतात, पण त्या तासभर चालतात आणि शैक्षणिक विषय जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळेत ढकलला जातो. नमुना पाठाचेही असेच होते. तो आधीच तयारी करून घेतलेल्या मुलांसमोर होतो, त्यात उत्तर चुकणारे मूल सहसा दिसतच नाही, आणि पाहणाऱ्या शिक्षकाची खरी अडचण तर त्याच मुलाबद्दल असते. शिवाय दुशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की त्या दिवशी चारही वर्ग उरलेल्या एकाच्या गळ्यात पडतात. ही किंमत देऊन भरणाऱ्या परिषदेत पत्रके वाचून दाखवण्यात वेळ जावा, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

दुसरा मार्ग ऑनलाइन प्रशिक्षणाचा. दीक्षा हे केंद्र सरकारचे शिक्षणासाठीचे ऑनलाइन व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले, आणि २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले शिक्षकांसाठीचे ‘निष्ठा’ हे राष्ट्रीय प्रशिक्षण २०२० मध्ये करोनाच्या काळात त्याच व्यासपीठावर आले. जुन्या पद्धतीत राज्यस्तरावरचे प्रशिक्षक जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे शिक्षकांना शिकवत. प्रत्येक पायरीवर मूळ आशयातला थोडा भाग सांडत असे, आणि शेवटच्या शिक्षकाच्या हातात बऱ्याचदा चार सरकचित्रे (स्लाइड) व उपस्थितीपत्रकावरची सही एवढेच उरत असे. ऑनलाइन अभ्यासक्रमात आशय मूळ रूपातच पोहोचतो, तो शिक्षकाला सवडीने पाहता येतो, न समजलेला भाग परत पाहता येतो आणि शाळा बंद ठेवावी लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे सगळे तास समोरासमोरच्या प्रशिक्षणातून भरायचे ठरवले, तर लहान शाळांचे कंबरडे मोडेल.

तरीही या मार्गाकडून काय मिळणार नाही, हे निवड करणाऱ्याने स्पष्ट ओळखावे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळते, त्याची टक्केवारी तालुक्याच्या घोषवाऱ्यात चढते आणि ‘शंभर टक्के’ झाले की विषय मिटतो. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाची संकल्पना समजावून देण्यात हे अभ्यासक्रम चांगले आहेत. ध्वनीची जाण, मुद्रितसमृद्ध (वाचायला भरपूर मजकूर असलेला) वर्ग, स्तरानुसार गट हे शब्द त्यांच्यामुळे शिक्षकांच्या बोलण्यात रुळले. पण आपल्या वर्गातली अमुक मुलगी ‘म’ आणि ‘भ’ यांत अजून का गोंधळते, याचे उत्तर चित्रफितीत नसते. म्हणून नवा विषय सर्वांना एकाच वेळी समजावून द्यायचा असेल तर ऑनलाइन अभ्यासक्रम निवडावा, आणि वर्गातली एखादी अडचण सोडवायची असेल तर त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

तिसरा मार्ग म्हणजे वर्गात प्रत्यक्ष सोबत करण्याचा. यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण कागदोपत्री तो सर्वत्र असतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी वापरला जातो. शाळाभेट म्हटली की हजेरी, पोषण आहाराचा साठा, टाचणे (पाठांची लेखी तयारी) आणि शेवटी शेरेपुस्तकात ‘अध्यापन समाधानकारक’ हे दोन शब्द, अशी तिची सवय पडून गेली आहे. मी सांगते आहे ती भेट निराळी आहे.

एका तिसरीच्या वर्गातले गुरुजी मला म्हणाले होते, की वर्गातल्या सात मुलांना वजाबाकी येतच नाही, तीनदा शिकवून झाली. मी मागच्या रांगेत एका मुलाशेजारी बसले. त्याने पाटीवर ४२ वजा १७ ही वजाबाकी मांडली आणि उत्तर ३५ लिहिले. मी त्याला ६१ वजा २४ दिले, तेव्हा उत्तर ४३ आले. त्याला वजाबाकी येत नव्हती असे अजिबात नव्हते. एकक असो वा दशक, दोन अंकांपैकी मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम तो काटेकोरपणे पाळत होता. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य त्याने पहिलीपासून ऐकले होते आणि जसेच्या तसे पकडून ठेवले होते. मधल्या सुटीत गुरुजींनी आणि मी सातही पाट्या पाहिल्या. सात जणांपैकी पाच जणांची चूक नेमकी हीच होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी काड्यांचे दहादहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या मुलासमोर ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘यातल्या सतरा मला दे.’’ त्याने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. बराच वेळ तो काड्यांकडे पाहत राहिला, मग एका गठ्ठ्याचे रबर त्याने स्वतःच काढले. उरलेल्या काड्या मोजून पंचवीस झाल्या तेव्हा त्याने पाटीवरचे ३५ आपण होऊन पुसले. गुरुजींना ‘दशक सुटा करणे’ ही कृती माहीत नव्हती असे नाही. ती त्यांनी दोन प्रशिक्षणांत पाहिलेली होती. कोणत्या मुलाला ती कधी द्यायची, हे मात्र मुलाच्या पाटीजवळ बसल्यावरच कळले.

या मार्गाची अडचण त्याच्या किमतीत आहे. समजा एका केंद्रात ३५ शिक्षक आहेत आणि बैठका, चौकशा व कागदपत्रे सांभाळून केंद्रप्रमुखांना आठवड्यातले दोनच दिवस शाळांमध्ये पूर्ण वेळ बसता येते. दिवसाला दोन वर्ग धरले, तरी एका शिक्षकाकडे परत जायला सुमारे नऊ आठवडे लागतात, आणि एवढ्या अंतराने केलेली भेट ही सोबत राहत नाही. म्हणून सर्वांना सारखी वाटणी करण्याचा मोह टाळावा. नव्याने रुजू झालेले, वर्ग बदलून पहिली मिळालेले आणि स्वतःहून मदत मागणारे शिक्षक निवडावेत, आणि त्यांच्याकडे पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्यांदा जावे. भेटीत पाहिलेल्या गोष्टी कारवाईसाठी वापरल्या जाणार नाहीत, याची खात्री शिक्षकाला वागण्यातून पटली पाहिजे. एकदा जरी ती मोडली तर पुढच्या भेटीत मागच्या रांगेतले मूल तुम्हाला दिसणार नाही.

दुसऱ्या शाळेला भेट देणे हा आणखी एक प्रचलित मार्ग आहे. राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम २०१५ मध्ये आला, त्या सुमारास मुलांना स्वतः करून शिकू देण्यासाठी नावाजलेल्या, साताऱ्यातील कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. त्या भेटींनी पुष्कळांच्या मनात उमेद निर्माण केली, हे मी स्वतः पाहिले आहे. पण एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांना दिसते तेवढेच सोबत येते, आणि म्हणून अनेक शाळांत फरशीवर रंगवलेल्या आकृत्या आल्या, त्यामागचे मुलांशी बोलणे मात्र आले नाही. भेट ठेवायचीच असेल तर जवळच्या शाळेची ठेवावी, म्हणजे परत जाता येते.

आता सूचनांचा भाग. इथे तुलना सोपी आहे आणि चुका मात्र फार होतात. व्हॉट्सॲपवरचा गट वेगवान आहे, फुकट आहे आणि परिपत्रकाची प्रत मिनिटात सर्वांकडे जाते. अतिवृष्टीमुळे शाळांना सुटी जाहीर झाली असेल तेव्हा त्याला पर्याय नाही. पण त्याच गटात शुभेच्छांची चित्रे, वाढदिवस, ‘आजच्या आज माहिती सादर करावी’ असा निरोप आणि वाचनाच्या खेळाची एखादी उत्तम चित्रफीत एकापाठोपाठ येतात, आणि रात्री नऊ वाजता खालून वर सरकवत जाणाऱ्या शिक्षकाच्या हातून नेमकी ती चित्रफीतच निसटते. सूचनावही हळू आहे, तरी एकाच शाळेपुरती तिच्याइतकी भरवशाची गोष्ट नाही : सूचना एकदाच लिहिली जाते, प्रत्येकाची सही होते आणि सहा महिन्यांनी शोधली तरी सापडते. केंद्राच्या पातळीवर आठवड्याचे एक पत्रक हा मधला मार्ग आहे. त्यात कोणती माहिती, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत एवढेच असावे, आणि ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जावे, म्हणजे सोमवारचा परिपाठ मोकळा राहतो.

मी सुरुवातीला सर्व गोष्टींसाठी एकच गट ठेवला होता. पुढे दोन गट केले. एकात फक्त सूचना, तिथे केवळ मीच लिहीत असे, आणि शाळेच्या वेळेत आणीबाणीखेरीज एकही निरोप टाकत नसे. दुसरा गट वर्गातल्या कामाचा होता, आणि तिथे मी कोणतीही माहिती मागायची नाही असे बंधन स्वतःवर घातले होते. पहिले दोन महिने दुसऱ्या गटात कोणी बोलत नव्हते. मग एका बाईंनी जोडाक्षरे वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या वहीचे छायाचित्र टाकून ‘काय करू?’ असे विचारले, आणि त्या रात्री अकरा शिक्षकांनी आपापले उपाय लिहिले. सूचनांच्या गर्दीत तो प्रश्न कुणी विचारलाच नसता.

निवड करताना शाळेचा आकार पाहावा. एका इयत्तेच्या तीन-चार तुकड्या असलेली शहरातली शाळा असेल, तर बाहेरच्या प्रशिक्षणावर फार विसंबू नये. एकाच इयत्तेच्या शिक्षकांना आठवड्यातून पाऊण तास एकत्र बसवावे, पुढचा एक पाठ मिळून तयार करावा, एकीने शिकवावा आणि इतरांनी मुलांकडे पाहत बसावे. जपानमधील प्राथमिक शाळांत ही पद्धत दीर्घकाळ रुजलेली आहे आणि तिला वेगळा निधी लागत नाही. तिथे सूचनांसाठी सूचनावही पुरते. विखुरलेल्या दुशिक्षकी शाळांचे केंद्र असेल, तर शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाची सोबत मिळण्याची ठरलेली जागा म्हणजे परिषदच, म्हणून तिथे ती टिकवावी. मात्र सूचना पत्रकातून आधीच पाठवाव्यात आणि नमुना पाठाऐवजी प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाची वही घेऊन यावी. जिथे मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते, अशा पाड्यांवरच्या शाळांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमाचे भाग आधी उतरवून पेनड्राइव्हवर द्यावेत आणि केंद्रप्रमुखांच्या वर्गभेटींपैकी निम्म्या तरी तिथे द्याव्यात, कारण त्या शिक्षकांना चहाच्या सुटीतही विचारायला जवळ दुसरे कोणी नसते.