पाणी कळते, रस्ता कळत नाही: इंदूरहून आखलेल्या कयाक-सहलीविषयी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी, पत्नी, मेहुणा आणि त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी अशा चौघांनी इंदूरमधील एका साहस-सहल आयोजकाकडून रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या कुंडलिका नदीवर दोन दिवसांच्या कयाकिंगचे (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) नियोजन करून घेतले. रेल्वे, पुण्याहून पुढची गाडी, मुक्काम, जेवण, साधने आणि प्रशिक्षण धरून माणशी साडेअकरा हजार रुपये पडले. माझे मत असे झाले की या मंडळींना पाणी उत्तम कळते, पण रस्ता कळत नाही, आणि कुंडलिकेवर जायचे असेल तर हे फार महागात पडते.

नदीच्या निवडीपासूनच त्यांची जाण दिसली. मी ऋषिकेशचा हट्ट धरला होता, परंतु त्यांनी पैशांची गोष्ट काढण्याआधी आमच्यापैकी किती जणांना पोहता येते आणि उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याचा सराव कोणी केला आहे, एवढेच विचारले. पोहता तिघांना येत होते. सराव कोणाचाच नव्हता. वेगवान पाण्याच्या अवघडपणानुसार पहिली ते सहावी अशा चढत्या श्रेणी मानतात, आणि राफ्टमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायच्या हवा भरलेल्या होडीत, मागे वाटाड्या बसलेला असल्यामुळे तिसरी श्रेणी मजेची वाटत असली, तरी कयाकमध्ये प्रत्येक जण स्वतःच नावाडी असल्याने तीच श्रेणी नवख्याला झेपत नाही, हे त्यांनी शांतपणे पटवून दिले. ऋषिकेश तिथेच बाद झाले.

त्यानंतर दोन रविवार पोहण्याच्या तलावात गेले. कयाक उलटताच पुढे वाकायचे, स्प्रे स्कर्टचा, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवतून कयाकच्या तोंडावर ताणलेल्या आवरणाचा, पट्टा ओढून तो सोडवायचा आणि मग दोन्ही हात कडेला रेटून बाहेर निसटायचे, एवढीच कृती आहे; पण डोके पाण्याखाली आणि नाकात पाणी अशा स्थितीत तो पट्टा शोधताना मला पहिल्या खेपेस काहीही आठवले नाही. प्रत्येकाकडून ही कृती किमान दहा वेळा करून घेतल्याशिवाय प्रशिक्षकांनी वल्ह्याला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला महेश्वरला नेले, आणि संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा दिवस तोच. इंदूरचा मराठी माणूस महेश्वरला जातो तो अहिल्याबाईंचा वाडा, घाट आणि साड्या यांसाठी. सहस्रधारेकडे तो पाहतो, पण पाणी वाचत नाही. खडकांतून नर्मदा जिथे असंख्य धारांनी फुटते, त्याच ठिकाणी २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेतील कॅनो स्लॅलम, म्हणजे वेगवान पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी काढण्याची शर्यत, झाली होती. प्रशिक्षकांनी आम्हाला दोन तास नुसते काठावर बसवले. पाण्यावर उमटणाऱ्या ज्या पाचरीचे टोक प्रवाहाच्या दिशेने असते ती मोकळी वाट, जिचे टोक उलट आपल्याकडे असते तिथे दडलेला खडक, आणि मोठ्या खडकामागे उलटे वळणारे संथ पाणी म्हणजे विसाव्याची जागा, हे त्यांनी बोट दाखवून एकेका धारेवर समजावले. पाण्यात मात्र उतरू दिले नाही.

आता रस्ता. कुंडलिकेला कोरड्या ऋतूतही वेग असतो, तो भिऱ्याच्या वीजकेंद्रामुळे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, त्याचे पाणी घाटाखाली आणून तिथे वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत सोडले जाते. हे पाणी सकाळी येते आणि ओसरल्यावर खडक उघडे पडतात. हे सर्व आम्हाला आयोजकांनीच सांगितले होते! तरीही त्यांच्या आखणीत सकाळी पुण्याला रेल्वेतून उतरून ताम्हिणी घाटमार्गे थेट नदीवर जायचे होते. घाटात जंगल सुंदर आहे, पण वळणे अनेक आणि चालकाचा चहा लांबलेला. साडेतीन तासांनी आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटच्या राफ्टही निघून गेल्या होत्या. पहिला दिवस संथ पाण्यात वल्हे फिरवण्यात संपला. आदल्या संध्याकाळी कोलाडला मुक्काम ठेवला असता तर हे सहज टळले असते.

दुसरा दिवस चोख होता. पुढे प्रशिक्षक, मागे बचावाची राफ्ट आणि काठावर फेकदोर (पाण्यातल्या माणसाकडे फेकायचा दोर) घेतलेला एक स्थानिक मुलगा अशी व्यवस्था होती. काठावरची झाडे प्रवाहात वाकलेली असत तिथे आम्हाला लांबूनच दुसऱ्या काठाला नेले जाई, कारण फांद्यांच्या जाळीतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. मी दोनदा उलटलो आणि दोन्ही वेळा तो पट्टा हाताला लागला. मेहुण्याची मुलगी एकदाही उलटली नाही, हे ती आता प्रत्येकाला सांगते. बाहेर पडल्यावर उभे न राहता उताणे, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून वाहत जायचे, कारण खडकांत पाय अडकतो, हेही आठवले.

साधने बरी होती, मात्र पत्नीला मिळालेले हेल्मेट सैल होते आणि मापे महिनाभर आधी घेऊनही ते बदलायला तिथे दुसरे नव्हते. वाया गेलेल्या पहिल्या दिवसापोटी आयोजकांनी माणशी दीड हजार रुपये परत केले. वाद घातला नाही, पण आपणहून दिलेही नाहीत, मला दोनदा विचारावे लागले.