समोरच्या घराची जाहिरात माझ्याच पडवीत: फायरफॉक्स चार महिने वापरून

मे महिन्यातली गोष्ट. वेळणेश्वरला आमच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांना देतो. सांगलीचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातल्या काकांना दुसऱ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला आणि तिथून गणपतीपुळ्याला जायचं होतं. त्यांच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून बोटीच्या वेळा बघायला मी माझा फोन दिला. दोन मिनिटांनी त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "हे इथं जवळच आहे का हो वहिनी?" वेळापत्रकाच्या खाली आमच्या समोरच्या घराचा फोटो! समुद्र पाच मिनिटांवर, नाश्त्याला घावन, आणि भाडं माझ्यापेक्षा 300 रुपयांनी कमी.

मी म्हटलं, "जवळच आहे. सकाळी तुम्हाला ज्या कोंबड्याने उठवलं ना, तो त्यांचाच."

झालं होतं असं, की दुपारी भांडी आवरल्यावर मी एका बुकिंगच्या साइटवर शेजाऱ्यांचे दर बघून आले होते. सीझनमध्ये सगळेच बघतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मी काय बघितलं ते बोटीच्या वेळापत्रकाला कसं कळलं?

उत्तर मिळालं गणपतीत. भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, दीड दिवसाच्या गणपतीला येतो आणि पाच दिवस राहतो. त्याने माझ्या फोनवर फायरफॉक्स हा ब्राउझर, म्हणजे वेबसाइट उघडायचं ॲप, टाकून दिला. तेव्हापासून फोनवर आणि लॅपटॉपवर तोच वापरते आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आधी त्याने कुकी म्हणजे काय ते सांगितलं. वेबसाइटला मुळात माणूस लक्षात राहत नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही तिला परके. म्हणून ती तुमच्याच ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवायला देते आणि दर वेळी ती दाखवायला लावते. 1994 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने ही युक्ती काढली. मला आमची गिरणी आठवली. तिथला पोरगा कोणाला ओळखत नाही, डब्यावरची चिठ्ठी वाचतो आणि नाचणी कोणाची, तांदूळ कोणाचे ते बरोबर सांगतो. कुकीतही बहुतेक वेळा नुसता एक लांबलचक नंबर असतो. त्या नंबरापुढे काय लिहिलंय ती वही त्यांच्याकडे.

ही चिठ्ठी नसेल तर मेलमध्ये दर पानाला पासवर्ड मागतील आणि दुकानाच्या साइटवर टोपलीत टाकलेलं सामान गायब होईल. तेव्हा सगळ्या कुकीज वाईट म्हणून बोंबलणाऱ्यांचं ऐकू नका. भानगड आहे ती तिसऱ्याच्या चिठ्ठीची. बुकिंगच्या पानावर जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसलेला असतो, तोच बोटीच्या वेळापत्रकाच्या पानावरही असतो. तो दोन्हीकडे एकच नंबर वाचतो आणि वहीत नोंद करतो: या बाईने दुपारी समोरच्या घराचे दर बघितले. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

आता फायरफॉक्सबद्दल. त्यात प्रत्येक साइटची कुकीची बरणी वेगळी असते. बुकिंगच्या पानावर जाहिरातवाल्याने टाकलेली चिठ्ठी त्याच बरणीत राहते. वेळापत्रकाच्या पानावर तो आला तर तिथली बरणी दुसरी, त्याला आपली चिठ्ठी सापडतच नाही. घरात लिंबाच्या लोणच्यातला चमचा कैरीच्या बरणीत घातला तर मी काय करते ते पोरांना विचारा, त्यामुळे मला हे लगेच पटलं. 2022 च्या जूनपासून संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये ही सोय मुळातच चालू असते, पुढे ती फोनवरही आली. आपल्याला काही दाबावं लागत नाही. पैसेही पडत नाहीत.

मी परीक्षा घेतली. फायरफॉक्समधून तेच समोरचं घर बघितलं, चार फोटो उघडले, मग बोटीचं पान. जाहिराती आल्या, नाही असं नाही. पण एक सिमेंटची आणि एक पत्त्यांच्या खेळाची. आठवडाभर रोज बघत होते, कोंबडेवाले काही पुन्हा आले नाहीत. जाहिराती अजिबातच नको असतील तर यूब्लॉक ओरिजिन नावाचं जोडसाधन फोनवरच्या फायरफॉक्समध्येही बसतं. मी बसवलेलं नाही. ज्या बातम्या फुकट वाचते त्यांनी जाहिरात दाखवली तर दाखवू दे, फक्त मागे मागे घरापर्यंत येऊ नये.

त्रासाचंही सांगते. कुकीज रोखण्याच्या पायऱ्या तीन आहेत: स्टँडर्ड, स्ट्रिक्ट आणि कस्टम. भाचा गेल्यावर मी शहाणपणा करून स्ट्रिक्ट लावलं. एका ठिकाणी पैसे भरायचे होते, तिथे लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान यायचं. तीनदा झालं. शेवटी भाच्याला फोन. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडे चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवून तेवढ्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. केलं, पैसे गेले. आता स्टँडर्डवरच आहे आणि माझं काही अडलेलं नाही.

दुसरा शहाणपणा याहून महागात पडला. ब्राउझर बंद करताना सगळा माल पुसून टाकण्याची सोय आहे, ती मी चालू केली. सकाळी उठून बघते तर मेल बंद, बुकिंगचं खातं बंद, सगळीकडून बाहेर. पासवर्ड कुठे कुठे वहीत होते. ओटीपी मात्र एसएमएसने यायचा, आणि आमच्याकडे एसएमएस येतो विहिरीजवळच्या माडाखाली. भर पावसात छत्री घेऊन मी तिथे उभी, ओटीपी आला की धावत घरात, तोवर त्याची मुदत संपलेली. दोन खेपांनंतर लॅपटॉपच बाहेर नेला, वर ताडपत्री धरून. यजमान पडवीतून बघत होते, बोलले काही नाहीत. लॅपटॉपवरच्या फायरफॉक्समध्ये "या या साइटच्या कुकीज पुसू नकोस" अशी यादी देता येते, हे मला त्यानंतर कळलं. पुसायचंच असेल तर ती यादी आधी करा. आणि कोणा पाहुण्याच्या फोनवरून आपलं खातं उघडायचं असेल तर प्रायव्हेट टॅबमध्ये उघडा, ते सगळे टॅब बंद केले की तिथल्या कुकीज जातात.

ब्राउझर बदलायचा नसेल तर गुगलच्या क्रोममध्येही तिसऱ्याच्या कुकीज अडवता येतात. तीन टिंबं, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे थर्ड-पार्टी कुकीज. गुगलने 2020 मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत या कुकीज क्रोममधून हद्दपार करू. मग तारखा पडत गेल्या, आणि 2024 च्या जुलैत बेतच बदलला. तेव्हा ते बटण आपणच दाबायचं आहे. आयफोनवाल्यांची सफारी 2020 च्या मार्चपासून त्या आपणहून अडवते.

फायरफॉक्स टाकला म्हणजे कोणी ओळखणारच नाही असंही नाही. एखाद्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करून बसलात तर तिला चिठ्ठीची गरजच काय? आणि साइटवर शिरताच खालून वर येतो तो कुकीजचा फलक, तो इथेही येतो. "सगळं मान्य" हे बटण हळदीकुंकवाच्या ताटासारखं समोर, आणि "नको" मात्र आतल्या खोलीत, तीन दारं उघडून. याच कारणावरून फ्रान्सच्या सरकारी संस्थेने 2022 च्या जानेवारीत गुगलला 15 कोटी युरो आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड ठोकल्याचं जाहीर केलं: हो म्हणणं जितकं सोपं, तितकं नाही म्हणणं सोपं नव्हतं. आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं असं लिहिलंय. मी आता ती तीन दारं उघडते. घाईत असले तर नाही उघडत.

माझ्याकडून फायरफॉक्सला पाचपैकी चार. एक कापला तो स्ट्रिक्टने दिलेल्या त्रासासाठी.

एक गोष्ट राहिली, ती सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतंय. लॅपटॉपवर ते ढालीचं चिन्ह दाबलं की कोणकोणते पाळत ठेवणारे अडवले त्यांची नावं दिसतात. गंमत म्हणून एका संध्याकाळी आमच्या घराची, म्हणजे आमच्या खोल्यांची, साइट उघडली. तीन वर्षांपूर्वी एका मुलाकडून करून घेतली होती. ढालीवर बोट ठेवलं तर तिथेही दोन नावं. त्यातलं एक जाहिरात कंपनीचं. म्हणजे आमच्या खोल्या बघायला आलेल्या प्रत्येकाच्या नावाने, म्हणजे नंबराने, मीही वहीत नोंद करून देत होते.

त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, सगळेच ठेवतात हो. पुढे जाहिरात द्यायची झाली तर लागेल."

म्हटलं, "मला द्यायची नाही. काढ."

त्याने दुसऱ्या दिवशी दोन्ही काढली. नकाशाच्या चौकटीबरोबरही दुसऱ्याची कुकी येते असं भाच्याचं म्हणणं, पण ती चौकट मी ठेवली आहे. ती काढली होती दोन दिवस, तर कोल्हापूरचे पाहुणे रात्री साडेनऊला हेदवीला जाऊन पोचले.