खोक्यावरचे पन्नास वॅट आणि कानावर पडणारा सूर

यंदा चतुर्थीच्या आधी म्हापशातील एका कार अॅक्सेसरीजच्या दुकानातून माझ्या हॅचबॅकमधला कंपनीचा साधा रेडिओ काढून मी नवी ऑडिओ सिस्टीम बसवून घेतली. सात इंची टचस्क्रीनचे हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य संच), पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर, म्हणजे दारात खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर आणि आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत वरच्या सुरांसाठी वेगळा ट्विटर, मागच्या दारांत कोएक्सियल, म्हणजे हे दोन्ही एकातच असलेले, स्पीकर आणि सीटखाली मावणारा, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला चपटा सबवूफर, असा हा संच आहे. डिचोली ते पणजी असा माझा रोजचा प्रवास असून ऐकण्यात नाट्यसंगीत, अभंग आणि ख्याल जास्त असतात. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की या सिस्टीमची किंमत ज्या गोष्टींमुळे वसूल होते, त्यांपैकी एकही खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली नाही.

खोक्यावर ठळक छापलेले असते ते ‘५० वॅट × ४’. हा आकडा खोटा नसला तरी तो कुठून येतो हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो आणि गाडीचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात, १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की ५१.८४ येतात, म्हणजेच ते पन्नास वॅट. पण एवढी शक्ती मिळते ती सिग्नलचे शेंडे पूर्ण छाटले जाऊन त्याची चौकोनी लहर झाल्यावरच, आणि असा आवाज कोणी दोन मिनिटेही ऐकणार नाही. स्वच्छ लहरीसाठी त्याच्या निम्मी शक्ती उरते, आणि आतील घट वजा जाता प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात वीस वॅटच्या आसपासच मिळतात. माझ्या मते गाडीच्या बंद काचांआड तेवढे भरपूर झाले. शक्ती दुप्पट केली तरी आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटायचा तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे वॅटच्या आकड्यावरून दोन युनिटांची तुलना करणाऱ्या विक्रेत्याकडे फारसे लक्ष देऊ नये.

त्यापेक्षा दारांवर केलेला खर्च अधिक सत्कारणी लागतो. गाडीचे दार हीच वूफरची पेटी असते, आणि कारखान्यातून येते तेव्हा तिच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोके असतात. स्पीकरच्या पडद्यामागून निघालेली लहर त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते, आणि बेस नाहीसा होतो. दुकानदाराने पत्र्यावर अॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल रबराची शीट चिकटवून ही भोके बंद केली. त्यानंतर त्याच स्पीकरमधून तबल्याच्या डग्ग्याची घुमक पहिल्यांदा नीट ऐकू आली. दार लावतानाचा पत्र्याचा आवाजही बदलला, तो वेगळाच आनंद. आपल्याकडच्या पावसाचा विचार करता येथे दोन गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतच असते आणि ते तळाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे शीटखाली गेली तर दार आतून गंजते. स्पीकरखालची रिंगही लाकडी भुशाच्या पाटाची नको, प्लास्टिकची हवी. भुशाची रिंग दोन पावसाळ्यांत फुगून पोळीसारखी सुटते.

आता या युनिटच्या खऱ्या गुणाकडे येतो. सेटिंगच्या मेनूत बरेच आत ‘टाइम अलाइनमेंट’ नावाची सोय आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून साधारण नव्वद सेंटिमीटरवर, तर डाव्या दाराचा एक मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात तो जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. पन्नास सेंटिमीटरच्या फरकामुळे डावीकडचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढासा उशीर स्वतंत्रपणे जाणवत नाही, पण जो आवाज आधी पोहोचतो त्याच दिशेला गायक बसला आहे, असा निष्कर्ष कान काढतो. मग गाणे कितीही उत्तम असले तरी ते उजव्या गुडघ्यापाशी चालू असते. टेपने डोक्यापासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजून ते सेंटिमीटरमध्ये भरले की युनिट जवळच्या स्पीकरांना हिशेबाने थांबवून धरते आणि सगळे आवाज एकदम पोहोचतात.

याची परीक्षा घ्यायला जुन्या एकमार्गी (मोनो) ध्वनिमुद्रणांसारखे साधन नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या स्टीरिओच्या आधीच्या काळातल्या. त्यांत डावे-उजवे असे काही नाहीच, त्यामुळे आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहिलाच पाहिजे. ही सोय बंद असताना केसरबाईंची तान उजव्या दारातून येत होती. अंतरे भरल्यावर ती डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या खालच्या कडेपाशी येऊन स्थिर झाली. साथीचे वाद्य त्याच ठिकाणी किंचित मागे आहे, हेही कळू लागले. या एका बदलाने जे साधले ते सबवूफर, टचस्क्रीन आणि रंगीत दिवे मिळूनही साधले नसते. तोटा एवढाच की हे जुळवणे एकाच खुर्चीसाठी असते. घरची मंडळी सोबत असली की ही सोय बंद करावी लागते, नाहीतर डावीकडे बसलेल्यांना आवाज अधिकच तिरका ऐकू येतो.

सबवूफरबद्दल थोडक्यात सांगायचे तर ८० हर्ट्झच्या खालचे सूर त्याच्याकडे आणि वरचे दारांच्या स्पीकरांकडे अशी विभागणी ठेवली आहे; त्यामुळे दारांवरचा ताण कमी होऊन तेही अधिक स्वच्छ वाजतात. त्याची पातळी दुकानात ठेवली होती त्याच्या निम्म्यावर आणल्यावर अभंगातला पखवाज पखवाजासारखा वाटू लागला. इक्वलायझरचे ‘रॉक’, ‘पॉप’, ‘जॅझ’ हे तयार नमुने मी एकदा ऐकून सोडून दिले. ‘लाउडनेस’ हे बटण मात्र निरुपयोगी नाही, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि हे बटण तेवढीच भर घालते. आवाज मोठा केल्यावर ते बंद असलेले बरे.

फोन जोडण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. ब्लूटूथवरून गाणे पाठवताना ते दाबून लहान केले जाते. सीडीमधील माहितीचा वेग सेकंदाला १४११ किलोबिट असतो, तर ब्लूटूथच्या मूळ एसबीसी पद्धतीत तो ३२८ च्या आसपास अडतो. वायरलेस कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ब्लूटूथचा उपयोग ओळख पटवण्यासाठी करतात व गाणे वायफायवरून आणतात, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. चालत्या गाडीत, टायरच्या आवाजात, हा फरक ओळखणे अवघड आहे हेही मान्य केले पाहिजे. तो ऐकू येतो तो गाडी उभी असताना. फोनवरचे बोलणे ठीक आहे, कारण मायक्रोफोन स्टिअरिंगच्या वर बसवला आहे, युनिटमध्येच नाही.

रेडिओच्या बाबतीत जुन्या युनिटपेक्षा सुधारणा नाही. आकाशवाणी पणजीचे १०५.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र डिचोलीपर्यंत स्वच्छ लागते. साखळी सोडून चोर्ला घाट चढू लागलो की एफएमच्या लहरी डोंगरामागे अडतात आणि युनिट आधी स्टीरिओचे मोनो करते, मग खरखर सुरू होते. नवे युनिट बसवूनही शहरातच रेडिओ क्षीण लागत असेल तर दुकानात परत जाऊन अँटेनाच्या अॅम्प्लिफायरला वीज देणारी तार जोडली आहे का, हे विचारावे. ती बहुतेक वेळा राहून गेलेली असते.

फिटिंगमध्ये मात्र दुकानाने एक कसूर ठेवली. सुरुवातीला स्पीकरमधून एक बारीक शीळ येत असे आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत असे. चोडणहून रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत इंजिन बंद करून गाणे चालू ठेवले तेव्हा ती पूर्ण थांबली, म्हणजे दोष युनिटचा नसून अल्टरनेटरची धुसफूस अर्थिंगच्या वाटेने आत येत होती. सबवूफरची अर्थची तार सीटच्या रंगवलेल्या बोल्टला जोडलेली निघाली. रंग खरवडून ती उघड्या पत्र्याला घट्ट बसवल्यावर शीळ गेली, पण त्यासाठी दुकानात दोन खेपा घालाव्या लागल्या आणि पहिल्या खेपेला ‘असे थोडे येतेच’ हे उत्तर ऐकावे लागले. जमेची बाजू अशी की गाडीचे मूळ वायरिंग कुठेही कापलेले नाही, सगळी जोडणी कपलरने केली आहे. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज आहे.

ज्यांच्या गाडीत एसी आणि कॅमेरा कंपनीच्याच पडद्यावरून चालतात, त्यांनी हेड युनिट बदलण्याच्या फंदात पडू नये. तेच युनिट ठेवून मध्ये डीएसपी (ध्वनीवर हिशेबी प्रक्रिया करणारी चिप) असलेला छोटा अॅम्प्लिफायर घालता येतो आणि टाइम अलाइनमेंट त्यातही मिळते. मागच्या दारांचे कोएक्सियल स्पीकर पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी घेणार नाही. एकटा असताना मी फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सोय, पुरता पुढे ठेवतो, आणि तेवढ्या पैशांत मागच्या दारांनाही शीट लागली असती.